नोकरीचा नवस की कामाचा संकल्प?

🙏 ॥ श्री सद्गुरवे नमः ॥ 🙏

_(गुरुवारच्या सत्संगातील महाराजांचे निरूपण. सर्व परिवार गटांसाठी सेवेकऱ्यांनी शब्दांकित केलेले.)_

प्रिय साधक बंधू-भगिनींनो, आणि आईबाबांच्या खांद्यावरून मोबाईलमध्ये डोकावून वाचणाऱ्या बाळांनो, सर्वांना शुभाशीर्वाद.

या पंधरवड्यात दोन प्रश्न आले. पहिला बेळगावकडच्या एका माऊलीचा. ती लिहिते, "महाराज, मुलगा चार वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतोय. दोनदा थोडक्यात हुकलं. त्याचे वडील आता त्याच्याशी धड बोलत नाहीत. ताट वाढलं की तो खाली मान घालून जेवतो आणि खोलीत जातो. त्याला नोकरी लागावी म्हणून मी कुठल्या देवाला कसला नवस बोलू?"

दुसरा प्रश्न बडोद्याच्या एका इंजिनिअर साधकाचा. "आमच्या कंपनीत दर एप्रिलला प्रत्येकाला वर्षभराची ध्येयं लिहून द्यावी लागतात. लिहिताना मन खातं. गीता सांगते फळावर नजर ठेवू नकोस, आणि इथं तर फळच आधी लिहून मागतात. साधकानं करिअरचं ध्येय ठेवावं की ठेवू नये?"

दोन प्रश्न वेगळे दिसतात. पण दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे, आपल्या देवघरातल्या ताम्हणात.

*संकल्पात काय असतं?*

आता बघा. घरी सत्यनारायण असो, वास्तुशांत असो, गणपती बसवायचा असो. भटजी यजमानाला पाटावर बसवतात, आचमन करायला सांगतात, हातात अक्षता देतात आणि संकल्प म्हणतात. आपलं लक्ष कुठं असतं? पाणी कधी सोडायचं, एवढंच आपण बघत असतो. निम्मं लक्ष स्वयंपाकघरात, निम्मं दारात कोण आलं त्याकडे. पण त्या दोन मिनिटांत काय म्हटलं जातं ते एकदा नीट ऐका.

आधी काळ सांगतात. शक, संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग जागा सांगतात. इंदूर-बडोद्याकडे नर्मदेचा उत्तर तीर म्हणतात, खाली दक्षिणेत आलं की गोदावरीचा दक्षिण तीर. मग कर्त्याचं गोत्र आणि नाव. मग हे कशासाठी करायचं ते: कुटुंबाचं क्षेम, आरोग्य, ऐश्वर्य. मग म्हणतात यथाशक्ति, म्हणजे माझ्या ताकदीप्रमाणे. यथाज्ञान, म्हणजे मला जेवढं कळतं तेवढ्यानं. आणि जे साहित्य मिळालं असेल त्यानं. सगळ्यात शेवटी एकच क्रियापद येतं: *करिष्ये.* मी करीन. मग पळीभर पाणी हातावरून ताम्हणात सोडायचं.

लक्षात घ्या, फळ त्या संकल्पात आहे बरं का! ते लपवलेलं नाही. ऐश्वर्य हवं आहे हे देवासमोर स्वच्छ सांगितलेलं आहे. त्यात लाज कसली? पण वाक्य 'मला मिळो' असं संपत नाही, 'मी करीन' असं संपतं. फळ एकदा सांगायचं, मग सगळा भार करण्यावर.

नवसाचं उलट असतं. 'देवा, तू दे, मग मी करीन.' त्यात देवाचं काम आधी, आपलं नंतर. नवसाला मी वाईट म्हणत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी नवसाच्या आधारावर फार कठीण दिवस काढलेत. पण करिअर नवसावर चालत नाही. कारण नवसात, देव देईपर्यंत आपल्याला करायला काहीच उरत नाही. उरते ती फक्त वाट बघणं आणि काळजी.

*कागदावरचं ध्येय: नवस की संकल्प?*

आता बडोद्याच्या साधकाचा कागद घेऊ. त्यावर लिहिलेलं असतं, 'दोन वर्षांत मॅनेजर व्हायचं.' मला सांगा, मॅनेजर कोण करणार? साहेब करणार. त्यासाठी जागा रिकामी व्हायला पाहिजे, कंपनीचा धंदा चालायला पाहिजे, साहेबाचीच बदली व्हायला नको. म्हणजे हा साहेबाला बोललेला नवस झाला! आणि साहेब काही दत्तमहाराज नव्हेत. नवस फळला नाही की माणूस चिडतो, शेजारच्या टेबलावरच्याचा मत्सर करतो, घरी येऊन बायकोमुलांवर राग काढतो.

त्याच कागदावर असं लिहा: 'मॅनेजरच्या जबाबदारीला लायक होण्यासाठी या वर्षी मी दोन नव्या मुलांना माझं काम पूर्ण शिकवीन. खर्चाचा अंदाजपत्रकी तक्ता स्वतः बनवायला शिकीन. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी साहेबांकडे जाऊन माझ्या कामात काय कमी पडलं ते विचारीन.' फळ तेच आहे, पण वाक्य 'करीन' असं संपलं. आता हा संकल्प झाला. साहेब बदलले तरी तो मोडत नाही.

गीतेत भगवंतांनी ध्येय ठेवू नको असं कुठंच सांगितलेलं नाही. ज्याला सांगितलं तो अर्जुन धनुर्धारी होता. निशाण न लावता बाण सोडणारा तो नव्हता. अठराव्या अध्यायात भगवंत सांगतात की कुठलंही काम सिद्धीला जाण्याची कारणं पाच: कामाचं अधिष्ठान म्हणजे ठिकाण, ते करणारा, त्याची साधनं, नाना प्रकारचे प्रयत्न, आणि पाचवं दैव. दैव त्यात आहे, नाकारलेलं नाही. पण ते पाचवं आहे. आपण काय करतो? पाचव्याची काळजी सकाळ-संध्याकाळ करतो आणि पहिली चार तशीच पडून राहतात.

म्हणून करिअरचं ध्येय ठरवताना संकल्पाचाच क्रम धरा.

*पहिलं, देशकाल.* मी आज कुठं उभा आहे? किती वय, घरात किती माणसं माझ्यावर अवलंबून, काय येतं, काय येत नाही, ज्या गावात राहतो तिथं कसलं काम आहे? इथं खोटं बोलायचं नाही. भटजींनी पंचमीला पौर्णिमा म्हटलं तर चालेल का?

देशकाल म्हटलं की भाषा आलीच. आपण मराठी माणसं चार-चार, सहा-सहा पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदतो आहोत. घरात मराठी टिकवली, हे पुण्याचं काम झालं. पण कर्नाटकात सरकारी नोकरी करायची तर कन्नड लिहिता-वाचता यायला पाहिजे. बडोद्यात दुकान, दवाखाना चालवायचा तर गुजराती पाहिजे. हैदराबादच्या कारखान्यात माणसं सांभाळायची तर तेलुगू पाहिजे. काही मुलं म्हणतात, 'ती भाषा शिकलो तर आपल्या मराठीशी बेइमानी होईल.' अरे बाळांनो, माऊलींनी आपल्या विठ्ठलाला कानडा म्हटलं आहे! देवाला चालतं ते भक्ताला का चालू नये? घरात मातृभाषा नेटानं बोला, बाहेर त्या मातीची भाषा नीट शिका. कितीतरी मुलांची बढती वर्षानुवर्षं या एका गोष्टीपाशी अडलेली असते, आणि ती शिकायला रोजचा अर्धा तास पुरतो.

*दुसरं, नाव आणि गोत्र.* संकल्प आपल्या नावानं करायचा असतो. शेजाऱ्याच्या गोत्रानं संकल्प सोडला तर पूजा कुणाच्या खात्यावर जाईल? मावसभाऊ अमेरिकेला गेला म्हणून मला जायचंय, वहिनीची बहीण बँकेत आहे म्हणून मला बँकेतच पाहिजे. ही दुसऱ्याच्या गोत्राची ध्येयं. आईवडिलांनीही हे ऐकावं. आपलं राहून गेलेलं स्वप्न मुलाच्या हातावर ठेवून त्याच्याकडून पाणी सोडवू नका.

*तिसरं, यथाशक्ति.* इंदूरच्या एका ताईंनी मुलं लहान असताना हिशेबाची नोकरी सोडली. आता मुलं आठवी-दहावीत गेली, त्यांना पुन्हा काम करायचंय. मधल्या दहा वर्षांत सगळं बदललं, जीएसटी आला, वह्या गेल्या, सगळं संगणकावर आलं. त्या म्हणतात, 'आता माझं काय व्हायचं?' ताई, यथाशक्तीचा अर्थच हा आहे. आणि 'मिळालेल्या साहित्यानं' याचाही. चंदन नसेल तर गंध, नाहीतर नुसती अक्षता, पण पूजा थांबत नाही. घरातला संगणक आहे, दुपारचे दोन तास आहेत, ओळखीच्या एका दुकानदाराचे हिशेब आहेत. तीन महिने त्या एका दुकानाची विवरणपत्रं वेळेवर भरून द्या. मोठ्या नोकरीचा अर्ज त्यानंतर करा. तेव्हा मुलाखतीत सांगायला हातात काम असेल.

*चौथं, करिष्ये.* काय करीन ते मोजता येईल असं सांगा. 'खूप अभ्यास करीन', 'मन लावून काम करीन' याला संकल्प म्हणत नाहीत. आपली अनुष्ठानं बघा. गुरुचरित्राचे अध्याय बावन्न, सप्ताह सात दिवसांचा. सोमवार सोळा. माळेचे मणी १०८. आपल्या पूर्वजांना माहीत होतं की आकडा नसला की मन पळवाट काढतं.

आणि काय करायचं ते किती बारकाईनं ठरवावं? दासबोध उघडा. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास आहे लेखनक्रियेचा. समर्थांसारखा विरक्त पुरुष, आणि एक पूर्ण समास दिलाय अक्षर कसं काढावं यासाठी! अक्षर वाटोळं असावं, मोकळं असावं, शाई काळीभोर असावी, ओळी सरळ असाव्यात, काना-मात्रा-वेलांटी जागच्या जागी असावी. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच शेवटचं, सगळा ग्रंथ एकाच टाकानं लिहिलाय असं वाटावं. आणि एक गोष्ट तर करिअर करणाऱ्या प्रत्येकानं मनात कोरून ठेवावी: तरुणपणी डोळे चांगले आहेत म्हणून फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, मध्यम आकाराचं लिहावं. केवढी दूरदृष्टी! आज अंगात जोर आहे म्हणून रोज चौदा तास काम करून बढती मिळवाल, पण पन्नाशीत शरीर ते वाचू शकेल का? असा वेग धरा की जो वीस वर्षं धरता येईल.

*पाचवं, उदक सोडणं.* करीन म्हटलं, की पाणी हातावरून सोडून द्यायचं. मूठ आवळली तर पाणी राहत नाही, आणि हातही मोकळा राहत नाही. काम करायला हात मोकळा लागतो.

*एका कुरुंदवाडकराची गोष्ट*

कृष्णाकाठच्या कुरुंदवाडला १८७२ साली एक मुलगा जन्मला. लहानपणी फटाका उडून डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली. शाळेचं शिक्षण पुढं जाणं कठीण झालं. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्याला गाणं शिकायला ठेवलं. बुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी मेहनतीनं शिकून महाराष्ट्रात आणणारे. तो मुलगा म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर.

त्या काळी गवई व्हायचं म्हणजे एखाद्या संस्थानिकाचा आश्रय मिळवायचा. ते मोठं करिअर. पण ते फळ देणाऱ्याच्या हातात होतं. पलुस्करांनी १८९६ मध्ये मिरज सोडली आणि वेगळाच संकल्प धरला: गाणं घराघरात शिकवता यावं, आणि गाणाऱ्याला समाजात मान असावा. त्यासाठी काय काय केलं बघा. स्वतःची स्वरलिपी तयार केली, पुस्तकं छापली, वर्ग पाडले, परीक्षा ठरवल्या, शिष्यांना शिक्षक म्हणून तयार केलं. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कुरुंदवाड कुठं, लाहोर कुठं! पुढं मुंबईत शाखा झाली, मोठी वास्तू उभी राहिली. आणि ती वास्तू कर्जापायी हातची गेली.

नवस असता तर तो तिथं मोडला असता. वास्तू गेली, पण शिकवलेले शिष्य कुठं गेले? पलुस्कर रामनामात रमले, १९३१ साली मिरजेत त्यांनी देह ठेवला. त्याच साली शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. आज आपल्या परिवारातल्या कितीतरी मुली प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारदच्या परीक्षा देतात. फळाचं काय व्हायचं ते झालं. केलेलं मात्र वाया गेलं नाही.

*उद्यापन*

आता त्या माऊलीच्या प्रश्नाकडे येतो. माई, तुमचा मुलगा आळशी नाही. चार वर्षं जो रोज पुस्तक घेऊन बसतो त्याला आळशी कोण म्हणेल? त्याच्या व्रताला फक्त उद्यापन ठरलेलं नाही. आपल्याकडे सोळा सोमवार झाले की उद्यापन करतात, मेहूण जेवू घालतात, व्रत देवाला अर्पण करतात. व्रत अर्धवट टाकलं असं त्याला कुणी म्हणत नाही, पूर्ण झालं म्हणतात. परीक्षेचंही तसंच ठरवा. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा: आणखी किती वेळा परीक्षा द्यायची, कुठल्या तारखेपर्यंत. एकदा, दोनदा, जे यथाशक्ति असेल ते. तोवर घरात कुणी टोमणा मारायचा नाही. ती तारीख आली आणि नोकरी लागली, तर आनंद. नाही लागली, तर त्या दिवशी गोड करायचं, मुलाला ओवाळायचं आणि म्हणायचं, 'बाळा, तुझं व्रत पूर्ण झालं.' चार वर्षांत तो इतिहास शिकला, गणित शिकला, कायदा शिकला, एका जागी आठ तास बसायला शिकला. हे सगळं घेऊन तो दुसऱ्या कामाला लागेल. एखाद्या वर्गात शिकवील, खाजगी नोकरी धरील, धंदा करील. तिथं नवा संकल्प.

आणि त्याच्या वडिलांना माझा निरोप सांगा. पूजेत संकल्प यजमान सोडतो, पण पत्नी त्याच्या हाताला हात लावून बसते, तेव्हाच तो दोघांचा होतो. मुलाच्या संकल्पाला घराचा हात लागला पाहिजे. परीक्षा तो देईल, दैवाचं काम दैव करील. वडिलांचं काम एवढंच की संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून जेवायचं आणि त्याला विचारायचं, 'आज काय वाचलंस रे?' निकालाचं विचारू नका, वाचलेल्याचं विचारा. नवस बोलायचाच असेल तर माई, तुम्ही दोघांनी हा बोला. तो आजच फेडता येतो.

एक शेवटची गोष्ट, ती सगळ्यांसाठी. काही फळं अशी असतात की ती संकल्पात मागायचीच नसतात. दुसऱ्याचं नुकसान करून मिळणारी खुर्ची, खोटा अनुभव लिहून मिळणारी नोकरी, चहापाणी देऊन होणारी बदली. सोवळ्यात बसून असं फळ मागायची आपली हिंमत होईल का? होत नसेल तर ऑफिसात बसूनही मागू नका. ध्येय देवासमोर मोठ्यानं उच्चारता येतं का, हीच त्याची परीक्षा.

*या आठवड्याचा अभ्यास*

येत्या गुरुवारी संध्याकाळी, आरती झाल्यावर, घरातल्या प्रत्येकानं एक कागद घ्यावा. नोकरीवाल्यांनी, धंदेवाल्यांनी, शिकणाऱ्यांनी, आणि निवृत्त आजोबांनीसुद्धा. पाच ओळी लिहाव्यात:

🌼 आज मी कुठं उभा आहे.
🌼 हे ध्येय माझंच आहे का, आणि ते कशासाठी.
🌼 माझ्याजवळ वेळ, पैसा, साहित्य किती.
🌼 मी काय करीन: रोज काय, आठवड्याला काय, आकड्यासकट.
🌼 उद्यापनाची तारीख.

प्रत्येक वाक्य वाचून बघा. 'मिळावं', 'व्हावं', 'लागावं' असं संपलं असेल तर खोडा आणि 'करीन' असं संपवा. मग कागद देवापुढं ठेवा, पळीभर पाणी ताम्हणात सोडा आणि नमस्कार करा. दर पौर्णिमेला कागद काढून वाचा. जे झालं त्यावर खूण करा. जे झालं नाही त्याबद्दल रडत बसू नका, आकडा कमी करा पण नेम मोडू नका.

कागदाचा फोटो गटावर टाकू नये. संकल्प देवाला सांगायचा असतो, गटाला नव्हे. 🙂

सद्गुरू तुमच्या हातांना काम देवोत, कामाला नेम देवोत आणि मनाला समाधान देवोत.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏🌺